डाव्या खांबाची जागा

४ जानेवारी

प्रिय मामा,

फोनवर मी बोलते आणि तुला फक्त मी ओरडतेय एवढंच कळतं, हे तूच म्हणालास. म्हणून कागद घेतला. ऑफिसात कुणी बघितलं तर हसतील, हसू देत.

तुझ्या थेटराची फाईल माझ्या टेबलावर आली आहे. हो, तेच. दोन वर्षं कुलूप होतं, आता नव्या मालकांना उघडायचंय. मार्चमध्ये पहिला खेळ. त्याआधी इमारत माणसं बसवण्याजोगी आहे असा दाखला हवा. जुन्या इमारती ठोकून-वाजवून बघणं हे माझं काम, तेव्हा सही माझी. फाईल देताना आमचे साहेब म्हणाले, "तुमच्या घरचंच काम आहे म्हणे." नाटकाचं थेटर मोडून त्याचं सिनेमाचं केलं तेव्हा सगळं सुतारकाम माझ्या मामानं केलं, असं मी कधीतरी कौतुकानं बोलून गेले असेन. आता भोगतेय.

चार दिवस मापं घेते आहे. गुडघे बोलायला लागलेत. खालची बैठक, वर घोड्याच्या नालेसारखी वळलेली बाल्कनी, तिच्याही वर ती गॅलरी, जी बंद करून तुम्ही मशीनची खोली केलीत. जिने इतके अरुंद की दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला परत खाली उतरावं लागतं. संध्याकाळी घरी आले की आई विचारते, कुठे लोळून आलीस? मी म्हणते, ऑफिसात.

आता कामाचं. माझ्याकडे दोन नकाशे आहेत. नाटकाच्या वेळच्या नकाशात बाल्कनीच्या दोन्ही वळणांखाली एकेक लाकडी खांब आहे. बदलाच्या नकाशात खांब नाहीत, त्यांच्याऐवजी बाल्कनीच्या पोटातून जाणारा लोखंडी गर्डर आहे. प्रत्यक्षात खांब नाहीत, ते बरोबर. पण गर्डरही नाही. चुंबक घेऊन इंचइंच चाचपलं. मग बाल्कनी उभी कशावर आहे? तीनशे माणसं बसतात तिच्यावर.

ताकाला जाऊन भांडं लपवत नाही. गर्डर कुठे आहे?

आईला यातलं काही सांगितलेलं नाही. थेटराचा विषय निघाला की ती उठून दुसऱ्या खोलीत जाते, तुला माहीतच आहे. नऊ वर्षं झाली, तिचा अबोला काही सुटत नाही.

तुझी,
भिंगरी


१२ जानेवारी

भिंगरी,

पत्र पोचलं. सूनबाईनं आणून दिलं आणि तिथेच उभी राहिली, कुणाचं म्हणून. म्हटलं, मैत्रिणीचं. दिवसभर घरातले सगळे माझ्याकडे बघत होते.

इथे बरं आहे. मुलाचं घर नव्या पद्धतीचं आहे, म्हणजे दारं आहेत पण लाकूड नाही. भुसा दाबून केलेली दारं. मी जपून उघडतो, न जाणो हातात यायची.

तुझ्या कॉलेजात नाटकाच्या थेटरातला आणि सिनेमाच्या थेटरातला फरक शिकवला नसेल, तर माझ्याकडून शीक. नाटकाला आवाज खेळवावा लागतो. रंगमंचावर कुणी कुजबुजलं तरी शेवटच्या बाकावरच्या म्हाताऱ्याला ऐकू गेलं पाहिजे. म्हणून भिंती उघड्या, लाकूड पातळ, छत गोल. सिनेमाला आवाज मारावा लागतो, नाहीतर पडद्यावरचा माणूस एकच वाक्य दोनदा बोलतो. आम्ही तीन महिने नुसता आवाज मारत होतो. भिंतींना काथ्याच्या गाद्या ठोकल्या, वर कापड ताणलं. रंगमंचाखाली तळघर होतं, ते भरलं. वरच्या दोर-कप्प्या तशाच ठेवल्या आणि पुढे पांढरा पडदा टांगला. कुणाला पत्ता नाही की पडद्यामागे अजून सगळं नाटक उभं आहे.

बाजूच्या भिंतींना बॉक्स होते, बड्या लोकांसाठी, दोन-दोन खुर्च्यांचे. तिथून नाटक दिसलं नाही तरी चालायचं, कारण लोकांना तुम्ही दिसायचात. सिनेमातली माणसं मात्र तिथून काकडीसारखी लांबट दिसायला लागली. मग फळ्या मारून बॉक्स बंद केले. त्या फळ्या उघडायच्या भानगडीत पडू नकोस. आत बेचाळीस वर्षांची धूळ आहे आणि तुला लहानपणापासून धुळीनं दम लागतो.

गर्डर असेल ना, जातोय कुठे. लाकडाच्या आत दडला असेल. तुमची चुंबकं तरी कसली. बेचाळीस वर्षं बाल्कनी पडली नाही, ती आता तू बघायला आलीस म्हणून पडणार आहे का? सही कर आणि मोकळी हो.

अक्काचे पाय कसे आहेत? मी विचारलं असं सांगू नकोस.

मामा


१९ जानेवारी

प्रिय मामा,

मी एक विचारलं, तू दहा सांगितलीस, आणि विचारलं तेवढं सोडून. चोराच्या मनात चांदणं ते हेच. मी फळ्यांचं नावही काढलं नव्हतं, मग त्या उघडू नकोस हे कशाला सांगितलंस?

फळ्या अजून उघडलेल्या नाहीत. पण बाल्कनीच्या पोटात शिरायला हात धुवायच्या जागेशेजारी एक झडप आहे, ती बॅटरीवाल्यानं दाखवली. हो, अंधारात लोकांना खुर्ची दाखवणारा आपला बॅटरीवाला. अजून आहे, आता इमारत राखतो. झडपेतून मी पोटावर सरपटत आत गेले. डाव्या वळणाशी, बाल्कनीची तुळई भिंतीत शिरते तिथे, काचेच्या पट्ट्या चिकटवलेल्या दिसल्या. अर्धी पट्टी तुळईवर, अर्धी भिंतीवर. असल्या पट्ट्या आम्हीही लावतो. तुळई केसभर सरकली तरी काच तडकते. पंचवीस-तीस तरी असतील, एकही तडकलेली नाही. प्रत्येकीवर पेन्सिलीनं तारीख. आणि मामा, तुझा नऊ मी कुठेही ओळखीन. त्याचं शेपूट तू उलटीकडे काढतोस.

मग बॅटरीवाल्याला समोर बसवलं. तो म्हणाला, "मिस्त्री नवा खेळ लागला की पहिल्या दिवशी सहाला हजर. बाल्कनी भरलीय का, आधी ते विचारायचे. बसायचे मात्र खाली, डाव्या खांबाच्या जागेवर. पडद्याकडे बघायचेच नाहीत, सारखी मान वर. मला वाटायचं मानेचं दुखणं असेल."

आम्ही सगळे तुला सिनेमावेडा म्हणायचो. लहानपणी मलाही न्यायचास, पण कधी शेजारी बसू दिलं नाहीस. मला पार मागे, दाराजवळ, बॅटरीवाल्याच्या स्टुलाशी. मी रडायचे. मला वाटायचं तुला माझी बडबड नको असते.

बॅटरीवाला आणखी एक बोलला. मामी गेली त्या दिवशीही तू तिथेच होतास. हे नवीन नाही, सगळ्यांना ठाऊक आहे. मामी घरात शेवटच्या घटका मोजत होती आणि तू सिनेमाला गेलास, म्हणूनच तर आई तुझ्याशी बोलत नाही. इतकी वर्षं मीही मनातून तिच्याच बाजूची होते. आता मात्र मला कळेनासं झालंय की तू तिथे कशाला गेला होतास.

खरं काय ते लिही. दमलेय रे मी. दिवसभर इमारती खोटं बोलतात, निदान माणसांनी तरी बोलू नये.

भिंगरी


२७ जानेवारी

भिंगरी,

तीन दिवस कागद समोर घेऊन बसलो. सून म्हणाली, मैत्रिणीशी भांडण झालं का?

गर्डर नाही. तो कधी आलाच नाही.

खांबांमागच्या खुर्च्यांवरून अर्धा पडदा दिसत नव्हता. नाटकात चालून जायचं, नट हलतो, खांबाच्या या बाजूचा त्या बाजूला येतो. पडदा थोडाच हलतो? मालक म्हणाले, खांब काढा. इंजिनियर साहेबांनी नकाशात गर्डर काढून दिला. तो बाहेरून यायचा होता. इकडे उद्घाटनाची तारीख छापून झाली, पाहुणे ठरले, आणि गर्डरचा पत्ता नाही. साहेब म्हणाले, "मिस्त्री, छताच्या तुळईपासून लोखंडी सळ्या खाली सोड आणि बाल्कनी टांगून ठेव. बंद बॉक्समधून सोडल्या की कुणाला दिसणार नाहीत. मग खांब काप. पंधरा दिवसांत गर्डर येईल." मी डावीकडे दोन, उजवीकडे दोन सळ्या सोडल्या. खांब माझ्या हातानं कापले. वरून फळ्या ठोकल्या.

पंधरा दिवसांत गर्डर नाही आला, साहेबांची बदली मात्र आली. जाताना ते कागदावर गर्डर बसवून गेले होते. मालकांना विचारलं तर म्हणाले, खेळ जोरात चाललाय, आता थेटर बंद ठेवू? मी म्हणालो, बरं. तो 'बरं' माझा आहे, भिंगरी. कुणी माझा गळा धरला नव्हता. पुढचं काम त्याच मालकांकडे होतं आणि घरी दोन पोरं होती. पुढच्या महिन्यात बोलू, पुढच्या महिन्यात बोलू, असं करत गेलो. एकदा गप्प बसलं की मग बोलायला तोंड राहत नाही. वर्षानं बोललो असतो तर पहिला प्रश्न आला असता, वर्षभर काय झोपला होतास?

म्हणून जाऊन बसायचो. भरलेली बाल्कनी सळीला झेपली नाही तर आधी लाकूड कुरकुरेल, पोपडा पडेल, मी ओरडेन, लोक बाहेर पडतील. आणि नाहीच जमलं तर पहिला मी असेन, एवढं तरी. तुला दाराजवळ का बसवायचो ते आता कळलं असेल. सिनेमा मी एकही धड बघितलेला नाही. कुणी गोष्ट विचारली की माझी पंचाईत व्हायची. पुढे कान जायला लागले तेव्हा खरा घाबरलो. कुरकुर ऐकू येणार नाही म्हणून मग नुसती मान वर.

आता त्या दिवसाचं. तुझी मामी चार महिने अंथरुणावर होती. नवा खेळ लागला होता, बाल्कनी सगळी भरली म्हणून बॅटरीवाला सकाळीच सांगून गेला. मला वाटलं, अडीच तासांचा तर प्रश्न आहे. परत आलो तेव्हा अक्का दारात उभी होती. तिनं एवढंच विचारलं, "कसा होता सिनेमा?" मी काय सांगणार? खरं सांगायचं तर तीनशे माणसांना टांगून ठेवलंय हे सांगावं लागलं असतं. तिनं काय समजायचं ते समजून घेतलं, आणि तिचं काही चुकलं नाही.

तू फळ्या उघडणारच. उघड. पण मिस्त्रीचं एक ऐक. आधी बाल्कनीखाली टेकू दे, जॅकनं थोडी वर घे, भार टेकूंवर येऊ दे, मगच सळीला हात लाव. नाहीतर बाल्कनी अंगावर घेशील. आणि अहवालात माझं नाव लिही. आत टाकलं तरी चालेल, तुरुंगाची दारं तरी खरी असतील.

मामा


२ फेब्रुवारी

मामा,

तुझं पत्र वाचून मी आधी संतापले. अगदी तळपायाची आग मस्तकात. मी त्या बाल्कनीत बसलेय, मैत्रिणींबरोबर, तुला न सांगता. आई बसलीय. माझ्या शाळेची पोरं बसलीत. तू खाली बसून वरच्यांचं काय भलं होणार होतं? एक निनावी पोस्टकार्ड टाकायचं होतंस. दोन ओळी. ते जमलं नाही, आणि चाळीस वर्षं मान वर करून बसायला जमलं!

आता राग उतरलाय. उतरलाय म्हणजे धरून ठेवायला अंगात त्राण नाही.

मालकांना कळवलं की बॉक्स उघडल्याशिवाय सही होणार नाही. ते चिडले. आमचे साहेबही चिडले, तारीख पुढे जाणार म्हणून. मला कुणी चिडलेलं आता जाणवतही नाही. टेकूंचं सामान मागवलंय, तेरा तारखेला फळ्या काढू.

आणि पत्र मी आईला वाचून दाखवलं. तुला विचारलं नाही, विचारलं असतं तर तू नको म्हणाला असतास. ती शेंगा सोलत होती. मामीचा भाग आला तेव्हा हात थांबला. म्हणाली, परत वाच. परत वाचलं. मग म्हणाली, "कागद दे, आणि तू बाहेर जा." सोबतचं पाकीट तिचं आहे. मी उघडलेलं नाही.

भिंगरी


(सोबतचं पाकीट)

गाढवा,

हात कापतो, अक्षर लावून घे.

नऊ वर्षं तुला शिव्या देतेय. मोठ्यानं नाही, पण रोज. तिचा हात माझ्या हातात होता आणि ती सारखी दाराकडे बघत होती. मी तिला म्हटलं, औषध आणायला गेलाय, येईल आत्ता. मरणाऱ्या माणसाशी खोटं बोलायला लावलंस मला. त्याचा राग होता, तू सिनेमाला गेलास त्यापेक्षाही त्याचा.

आता कळलं की तू मजा मारायला गेला नव्हतास. लोकांचे जीव सांभाळायला गेलास. मूर्खासारखा गेलास, पण त्यासाठी गेलास. हे त्याच दिवशी दारात सांगितलं असतंस तर दोन थोबाडीत दिल्या असत्या आणि पानावर बसवलं असतं. मला वाटलं होतं माझ्या हातानं वाढवलेलं पोर निर्दयी निघालं. नऊ वर्षं तेच घेऊन बसले होते. ते खोटं निघालं, फार बरं झालं.

आता अबोला धरायलाही ताकद लागते, ती राहिली नाही. इकडे ये. मागची खोली रिकामीच आहे. मुलाला सांग, बहिणीनं बोलावलंय, आणि तिला नाही म्हणायची आपल्या घरात पद्धत नाही.

अक्का


१४ फेब्रुवारी

प्रिय मामा,

झालं एकदाचं. काल फळ्या काढल्या. धूळ तू म्हणालास तशीच, मी तोंडाला दुहेरी फडकं बांधलं तरी रात्रभर खोकत होते.

तुझ्या चारही सळ्या जागेवर होत्या. गंज अगदी नावाला. आणि मामा, ताठ होत्या. टिचकी मारली तर घुमल्या. सगळा भार बेचाळीस वर्षं त्यांनीच घेतला होता. तू त्या नीट सोडल्यास म्हणून बाल्कनी राहिली, नाहीतर काय झालं असतं याचा विचारही करवत नाही. तू तिथे जाऊन बसत होतास ते उगाच नव्हतं. हे तुला माझ्याकडून कळावं म्हणून लगेच लिहायला बसले.

माणसं चांगली मिळाली होती. सकाळी नऊला सुरुवात केली, जेवणाच्या सुट्टीआधी चारही सळ्या खाली. टेकूंचा ट्रक वाटेत बंद पडला, तो आला चारला. तोवर आम्ही बाल्कनीतच चहा पीत बसलो होतो. फार दिवसांनी जरा निवांत वाटलं.

अहवालात जसं आहे तसं लिहिलं, आज तो सही करून दिला. तुझं नाव कुठे लिहायची वेळ आली नाही. एप्रिलच्या सुरुवातीला थेटर उघडेल.

आईला घरी आल्या आल्या सांगितलं. तिनं काय करावं? फोन घेऊन बसली आणि एकेका नातेवाइकाला सांगत सुटली, "माझ्या भावानं अख्खं थेटर धरून ठेवलं होतं." ज्यांना ज्यांना नऊ वर्षं तुझ्याविषयी वाईट सांगितलं, त्या सगळ्यांना. आज आवाज बसलाय तिचा. मागच्या खोलीतला पलंग करकरतो, तो म्हणते तूच येऊन ठोक, दुसऱ्या सुताराला ती हात लावू देणार नाही.

कधी येतोस ते कळव.

तुझी,
भिंगरी


२३ फेब्रुवारी

भिंगरी,

तुझं पत्र आलं त्याला पाच दिवस झाले. त्यातले चार मी राजा होतो. दाढी केली, केस कापून आलो, सुनेच्या स्वयंपाकाला नाव ठेवलं नाही. मुलगा म्हणाला, मैत्रिणीशी समेट झाला वाटतं. मी म्हटलं, झाला.

काल दुपारी काही काम नव्हतं म्हणून पत्र परत वाचलं. जेवणाआधी सळ्या खाली, आणि टेकूंचा ट्रक चारला. दोनदा वाचलं. भार असलेली सळी अशी निघत नाही. टेकू नसताना तिचा बोल्ट पान्याला दाद देत नाही, आणि जोर लावून फिरवलाच तर पाठोपाठ बाल्कनी येते. तुम्ही बाल्कनीत चहा पीत बसलात. सळ्या काढल्यास, गर्डर घातला नाहीस, आणि दुसऱ्या दिवशी सही केलीस. तू अशी सही करणारी नाहीस.

म्हणजे सळ्या सैल होत्या. त्यांच्यावर कधी काही आलंच नाही. बाल्कनी आपल्या तुळयांवर उभी होती, भिंतीत खोल रोवलेल्या, ज्यानं बांधली त्यानं बांधली तशी. खांब नुसते शोभेला. तुळया किती आत गेल्या आहेत ते तू मोजलं असशील. मला कळवू नकोस.

मला त्याच दिवशी समजायला हवं होतं. भाराखालचं लाकूड कापायला घेतलं की ते करवत चिमटीत धरतं. पाचर मारल्याशिवाय पातं पुढेमागे होत नाही. हे शिकाऊ सुतारालाही ठाऊक असतं. ते दोन्ही खांब मी सरळ कापत गेलो, करवत एकदासुद्धा अडकली नाही. मला आपलं बरं वाटलं, काम लवकर उरकतंय म्हणून. उद्घाटनाची घाई होती. पुढे चाळीस वर्षं वर बघत बसलो, त्या करवतीची एकदा आठवण झाली नाही. पट्टी तडकली नाही की म्हणायचो, सळ्या चांगल्या धरून आहेत.

एक चांगलं झालं, कुणाच्या जिवाला धोका नव्हता. हे मी स्वतःला कालपासून सांगतोय. खरंच चांगलं आहे ते. पण मला त्यानं बरं वाटत नाही, काय करू?

खोटं लिहिलंस म्हणून रागावलो नाही. चार दिवस तू दिलेस, ते कोण देतं? पण तुमच्या घरात खोटं धड कुणालाच जमत नाही. अक्कानं तुझ्या मामीला सांगितलं, औषध आणायला गेलाय. तिला ते पटलं नसणार. मी कुठे गेलो ते तिला माहीत होतं. मी चपला घालत होतो तेव्हा ती म्हणाली होती, "आज नका जाऊ." चार महिन्यांत तिनं काही मागितलं नव्हतं, पाणीसुद्धा मी विचारलं तर. मी म्हटलं, आज बाल्कनी भरलेली आहे, गेलंच पाहिजे. तिला त्यातलं काय कळणार होतं? तिला मी कधी काही सांगितलंच नव्हतं. ती म्हणाली, "बरं, जा."

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. तुलाही आज सांगतोय ते तू आता मोठी झालीस म्हणून.

येत्या रविवारी दुपारच्या गाडीनं येतो. हत्यारं घेऊन येतोय, पलंगाचं बघू. अक्का पुन्हा सगळं पहिल्यापासून विचारेल, तिला चैन पडायचं नाही. तिच्यासमोर माझ्याकडे बघू नकोस. सळ्या ताठ होत्या. तू तेच सांग, मीही तेच सांगणार आहे.

मामा